उपरण्याआडून पाहिलेला फड
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगाव आपणां सर्वांस ठाऊकच आहे. मार्गशीर्षात तेथे खंडोबाची यात्रा भरते. घोड्यागाढवांच्या बाजाराशेजारी तमाशाचे तंबू उभे राहतात. तेथे आम्ही वर्षानुवर्षे कांताबाई सातारकरांचा फड पाहिला. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. पहाट केव्हा होई ते कळत नसे. बाई शिवछत्रपतींच्या वेषात उभ्या राहिल्या की अवघा तंबू निःशब्द होई. वर्गात इतिहास शिकविताना तोच आवाज आमच्या कानी असे. पुढे त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांच्या विनोदाने आम्हांस पोट धरून हसविले.

मात्र एक कबुली दिली पाहिजे. मास्तर तमाशास जातात हे कोणास कळू नये म्हणून आम्ही तोंडावर उपरणे ओढून तंबूत शिरत असू आणि घरी केवळ खंडोबाचा भंडारा दाखवीत असू. २०२० साली साथीमुळे फड थांबले. मे २०२१ मध्ये कांताबाई निवर्तल्या. त्यांस एकदा उघडपणे नमस्कार करावयाचा, तो राहूनच गेला.

आपल्या तरुणांनी ही चूक करू नये. कलावंतास दाद द्यावी ती उघड्या तोंडाने आणि सहकुटुंब, एवढीच आमची विनंती.