पथारीवरची मिरची

थंडीची चाहूल लागली की नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढते आणि गावाबाहेरच्या, मिरची वाळवायच्या पथाऱ्या लालेलाल होतात. निसर्गातलं ते चांगलं आणि कारखान्यातलं ते वाईट, असं आपण सहज म्हणून जातो. आज ही समजूत आपल्या मिरचीवरच तपासून पाहू.

आधी क जीवनसत्त्व. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी ते भरपूर प्रमाणात मिळवलं ते तिकडच्या तांबड्या मिरचीतून. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्याआधीच, १९३३ मध्ये, हेच जीवनसत्त्व प्रयोगशाळेतही तयार झालं होतं. दोन्हींचा रेणू एकच. तो मिरचीतून आला की गोळीतून, शरीराला त्याचं काही नाही.

आता पथारीकडे या. मिरची वाळत असताना अवकाळी पाऊस झाला की ती ओल धरते आणि तिच्यावर बुरशी चढते. अशा बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. यात कारखान्याचा हात कुठेच नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्याचा मारा यकृतावर होतो. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभराच्या आसपास माणसं दगावली. नेहमीच्या शिजवण्या-तळण्यानं हे विष जात नाही.

म्हणून कारखान्याचा माल निर्दोष ठरतो, असंही नाही. सुदान हा मेण आणि पॉलिश रंगवायचा कृत्रिम रंग. फिक्या तिखटाला लाली आणायला तो वापरला गेला. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा तिखटामुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. अन्नात हा रंग घालायला आपल्याकडेही मनाई आहे. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पेल्यात चिमूटभर तिखट टाकून तो पकडता येत नाही, प्रयोगशाळाच लागते.

तेव्हा पदार्थ कुठून आला, एवढ्यावर थांबू नका. तो नेमका काय आहे, पोटात किती जातो आणि वाळवला-साठवला कसा, हे विचारा.

शेतकरी आणि व्यापारी बंधूंनी मिरची उघड्या मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा फरशीवर वाळवावी, पाऊस दिसताच झाकावी आणि भिजलेला माल वेगळा काढावा. भगिनींनो, वर्षाचं तिखट करताना अख्खी मिरची घ्या, काळी पडलेली, बुरशीची निवडून टाका, कडक ऊन द्या आणि डोळ्यांसमोर कांडून आणा. सुटं, भडक लाल तिखट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.