केसपेपरच्या खिडकीपर्यंतची वाट

(लालबाग येथील एका सभेतील भाषणाचा मजकूर)



लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात, तेथे एखाद्या तरुणाने स्वतःच्या देहाविषयीचा किंवा मनाच्या ओढीविषयीचा प्रश्न कोठे विचारावा? खोलीत आईवडील, पोटमाळ्यावर भाऊ-वहिनी, गॅलरीत शेजारी. नाक्यावरचे डॉक्टर घरातल्या सर्वांना नावाने ओळखतात, आणि नेमके त्यामुळेच त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही. अशा तरुणाला स्वतःची म्हणावी अशी जागा एकच उरते, ती हातातल्या फोनमध्ये. म्हणून समलिंगी पुरुष, तसेच पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदले गेलेले परंतु पुरुष म्हणून जगणारे लोक, आपल्या आरोग्याची पहिली विचारपूस इंटरनेटवर करतात, यात नवल नाही. याला शहरी चोचले म्हणणाऱ्यांनी ती खोली पाहिलेली नसावी.

फोन येण्यापूर्वी ही माहिती कानोकान जात असे. कोणता डॉक्टर हिडीसफिडीस करत नाही, कोठे रक्ततपासणी गुप्त राहते, हे मित्राने मित्राला सांगायचे. अशोक राव कवी यांनी 1990 साली ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले, 1994 साली ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला, आणि पुढे वाकोल्यातील महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. एड्सच्या त्या भयग्रस्त वर्षांत या कामाने किती जणांना दवाखान्याच्या दारापर्यंत नेले, याचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात पुरता मावणार नाही. परंतु कलम 377 डोक्यावर होते. डॉक्टरला खरे सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, अशी धास्ती रुग्णाच्या मनात असे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून मुक्त केले. धास्ती मात्र निकालपत्राच्या तारखेला संपत नसते.

आज माहितीचा तुटवडा नाही, उलट पूर आहे. एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची शंका आली तर प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, ही जीव वाचवणारी गोष्ट रात्री दोन वाजताही फोनवर कळते. एड्स नियंत्रणाचा 1097 हा क्रमांकही तेथेच सापडतो. पण त्याच पडद्यावर ‘समलैंगिकता बरी करून देऊ’ म्हणणारा भोंदूही सापडतो, आणि जाहिरातीचे पैसे भरले असल्यामुळे अनेकदा तोच वर दिसतो! असला उपचार हा व्यावसायिक गैरवर्तन ठरतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2022 मध्ये कळवले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कल पाहून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या संमतीला आणि गुप्ततेला संरक्षण दिले. हे सोप्या मराठीत, एका ठिकाणी, अधिकृतपणे का मिळू नये?

पारलिंगी पुरुषांची गोष्ट अधिक अवघड आहे. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केले. 2019 साली कायदा झाला, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने ओळखपत्रासाठी संकेतस्थळ उघडले. घरबसल्या अर्ज करा, असे सांगण्यात आले. ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय खाते यांच्यात करार होऊन, प्रमाणपत्र असलेल्यांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण देण्याचे ठरले. कागदावर हे सारे उत्तम. पण घर कोणाचे? आधारशी जोडलेला क्रमांक वडिलांचा असला, तर येणारा ओटीपी वडिलांच्याच हातात पडतो. ज्याला घरी अजून ‘ताई’ म्हणतात, त्याने तो कसा मागावा?

आणि समजा, सगळे कागद झाले. गर्भाशय असलेल्या पारलिंगी पुरुषालाही स्त्रीरोग विभागात जावे लागते. दाढी राखलेला माणूस त्या रांगेत उभा राहतो. केसपेपरवरचे नाव एक आणि चेहरा दुसरा. शिपाई मोठ्याने ते नाव पुकारतो. रांगेतल्या शंभर डोळ्यांसमोर उठण्यापेक्षा तो मुकाट्याने घरी जातो, आणि दुखणे अंगावर काढतो. एड्सविरोधी सरकारी कार्यक्रमातही ‘पारलिंगी’ या शब्दाने प्रामुख्याने हिजडा समाज आणि पारलिंगी स्त्रियाच डोळ्यांपुढे ठेवल्या गेल्या. पारलिंगी पुरुष त्या हिशेबात जवळजवळ नव्हताच.

ज्या ठिकाणी असे होत नसे, असे दवाखाने उभे राहिले होते. हैदराबादेत जानेवारी 2021 मध्ये ‘मित्र’ हा पारलिंगी व्यक्तींसाठीचा दवाखाना निघाला, त्यानंतर कल्याणला आणि पुण्याला. तेथे पारलिंगी कर्मचारीही होते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत रोखली आणि तिन्ही दवाखाने बंद पडले. हैदराबादचा पुढे दुसऱ्या मदतीने, दुसऱ्या नावाने उघडला. कल्याणच्या रुग्णाचे औषधपाणी वॉशिंग्टनमधील एका सहीवर अवलंबून असावे, हा दोष देणगीदारांइतकाच येथल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचाही आहे.

गिरणगावाला हे निराळे सांगायला नको. 1948 च्या कायद्याने कामगाराला विम्याचे कार्ड मिळाले, परळला कामगार विम्याचे रुग्णालय उभे राहिले. कार्ड होते म्हणून उपचार हा उपकार नव्हता. आणि खिडकीवर कोणी अडवलेच, तर युनियनचा एखादा जाणता माणूस सोबत जाई. केईएमचा जन्मही असाच. हिंदी डॉक्टरांना वरच्या जागा नाकारल्या जात होत्या, त्या काळात ते रुग्णालय आणि त्याचे महाविद्यालय हिंदी डॉक्टरांच्याच हाती राहावे अशी अट घालून देणगी दिली गेली, आणि 1926 साली ते उघडले. ज्यांना दार बंद होते, त्यांच्यासाठी दार बांधणे हा परळचा जुनाच रिवाज आहे.

लालबागेतून केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तेथे बाह्यरुग्ण विभागात या लोकांची भाषा जाणणारा एक वैद्यकीय समाजसेवक ठरलेल्या वेळी बसावा, त्याची वेळ आणि खोली फोनवर मराठीत दिसावी, आणि रांगेत नावाऐवजी क्रमांक पुकारला जावा. मागणी एवढीच आहे. महापालिकेच्या आरोग्य खात्याला द्यायच्या निवेदनावरील सह्यांचा कागद दाराशी ठेवला आहे. सही करताना पत्ता लिहिण्याची सक्ती नाही.