गिरणगावातील कर्ती माणसे आणि त्यांची भांडणे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात काळाचौकी येथे दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मला ‘संघटना आणि एकोपा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. एकोप्याविषयी बोलणे सोपे असते आणि ऐकणे त्याहूनही सोपे. कारण त्यात कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही. त्यांच्या अनुमतीने मी विषय किंचित फिरविला आहे. ज्या गिरणगावाच्या आश्रयाने आपली बहुतेक कुटुंबे मुंबईत स्थिरावली, त्या गिरणगावातील कर्त्या पुरुषांच्या भांडणांविषयी आज चार शब्द बोलावेत, असा माझा मानस आहे. आपल्या स्मरणिकांतून आपण दिवंगत कार्यकर्त्यांची हार घातलेली छायाचित्रे छापतो आणि त्यांच्याखाली ‘मनमिळाऊ’ असे विशेषण न चुकता घालतो. ते मनमिळाऊ असतीलही. परंतु संस्थेची जुनी इतिवृत्ते चाळणाऱ्यास ठाऊक असते की, ‘बराच वेळ चर्चा होऊन’ या चार शब्दांच्या पोटात काय काय दडलेले असते!

आरंभ जरा मागून करतो. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. महात्मा जोतीराव फुले हे त्यांचे गुरुस्थानी. १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला, तेव्हा त्यातील पहिली प्रकरणे लोखंड्यांनी आपल्या पत्रात छापली आणि पुढची छापण्याचे नाकारले. सरकारची वक्रदृष्टी होईल, ही धास्ती. जोतीराव हे गिळून बसणारे नव्हते. त्यांनी या भित्रेपणाची नोंद खुद्द ग्रंथातच करून ठेवली. आपल्यापैकी कोणावर छापील पुस्तकात असा ठपका आला, तर तो माणूस पुन्हा त्या घरची पायरी चढेल का? लोखंड्यांनी मात्र सत्यशोधकी कार्य सोडले नाही. दुसऱ्याच वर्षी, १८८४ च्या सप्टेंबरात, त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवून फॅक्टरी कमिशनपुढे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज ठेवला. आणि १० जून १८९० पासून रविवारची हक्काची सुटी मिळविली. जोतीराव त्या वर्षी नोव्हेंबरात निवर्तले. म्हणजे आपल्या शिष्याचा हा विजय त्यांनी पाहिला. दोघांत खाजगीत काय बोलणे झाले, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण तो राहू द्या.

आता मुख्य विषयाकडे वळतो. १९२८ साली गिरणगावात जी माणसे पुढे होती, त्यांचे स्वभाव एकमेकांहून इतके भिन्न होते की, एखाद्या नाटककाराला पात्रे शोधण्यास अन्यत्र जावे लागले नसते. नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजाचे सदस्य, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि १९२६ साली ‘बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन’ स्थापणारे. राहणी अत्यंत साधी, बोलणे कोरडे, हिशेब चोख. संप हे अखेरचे शस्त्र आहे आणि ते उपसण्यापूर्वी संघाची सभासदपत्रिका, वर्गणी व शिल्लक तयार हवी, असे त्यांचे मत. त्यांच्या समोर श्रीपाद अमृत डांगे. तिशीच्या आतले, कानपूर खटल्यात शिक्षा भोगून १९२७ मध्ये सुटलेले, लेखणी व जीभ दोन्ही धारदार. त्यांच्याबरोबर निंबकर, जोगळेकर, मिरजकर, घाटे ही मंडळी. यांच्या मते संघटना आधी आणि संप नंतर, हा क्रमच चुकीचा; संघटना जन्मते ती संपातूनच. ‘क्रांति’ पत्रातून जोशांसारख्या नेमस्तांवर सडकून टीका होत असे. आणि तिसरीकडे अर्जुन आत्माराम आळवे व गोविंद रामचंद्र कासले. हे स्वतः गिरणीत राबलेले. ‘गिरणी कामगार महामंडळ’ नावाची संस्था आळवे यांच्यासारख्या कामगारांनी सुशिक्षितांच्या आधाराशिवाय उभी केली होती. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांवर किती विसंबावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकी नव्हता. त्याच महामंडळात १९२८ साली फूट पडली. चिटणीस मयेकर एकीकडे राहिले आणि आळवे नव्या ‘गिरणी कामगार युनियन’चे अध्यक्ष झाले.

ससून गटाच्या गिरण्यांत विणकराकडे दोन साच्यांऐवजी तीन साचे देण्याची पद्धत आली आणि ठिणगी पडली. सार्वत्रिक संपास जोशी अनुकूल नव्हते. तरीही एप्रिल अखेरीस सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. आता पाहा: जे एकमेकांना वर्तमानपत्रांतून ओरबाडीत होते, ते मे महिन्याच्या आरंभी एका संयुक्त संप समितीत शेजारी शेजारी बसले. जोशी व डांगे हे दोघे तिचे जोड चिटणीस! सतरा मागण्यांचा मसुदा झाला. काही संपकऱ्यांनी कोकणची वाट धरली, काहींनी धान्यवाटपावर दिवस काढले, आणि जवळजवळ सहा महिने समिती टिकली. ४ ऑक्टोबर १९२८ रोजी तडजोड होऊन फॉसेट समिती नेमली गेली. या सहा महिन्यांत जोशांनी आपले मत बदलले नव्हते आणि डांग्यांनी आपली भाषाही बदलली नव्हती. टीका चालूच होती. मग टिकले कसे? माझा तर्क असा की, समितीत कोण कोणाच्या वतीने बसला आहे, याविषयी त्या काळात कोणालाच संशय नव्हता. जागा ठरलेल्या होत्या, मागण्या कागदावर होत्या. भांडण मागण्यांविषयी होते, खुर्चीविषयी नव्हते.

याच संपातील एक प्रकरण मी मुद्दाम सांगतो. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने ते वगळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. गिरणीत अधिक मजुरी मिळे ती साचेखात्यात. त्या खात्यात अस्पृश्य बांधवांस प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याच धोट्याला स्पृश्याने तोंड लावले तर विटाळ! रिंगखात्यात खांद्याला खांदा लावून राबणारा माणूस साच्यापाशी परका ठरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संप समितीपुढे स्पष्ट मागणी ठेवली की, हा मज्जाव उठविण्याचे कलम मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या माणसांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांना हे गैरसोयीचे वाटले. ‘ऐन लढ्यात फूट पाडू नका’ असे म्हणणारेही होते. अखेर ती मागणी घ्यावी लागली, पण साच्यापाशी फारसे बदलले नाही. आणि १९२९ च्या दुसऱ्या संपास आंबेडकरांनी विरोध केला. कम्युनिस्ट पुढारी आणि ते यांच्यातील कडवटपणा तेव्हापासूनचा.

मी येथे क्षणभर थांबतो. साचेखात्यात त्या वेळी कोण होते? आपलेच आजे-पणजे होते. मालकाने नियम केला नव्हता. तो शेजारच्या साच्यावरील माणसाने केला होता. ज्याला त्या काळी ‘फूट पाडणारा’ म्हटले गेले, त्याने एवढेच केले की, सर्वांना ठाऊक असलेली आणि कोणीच न उच्चारलेली गोष्ट सभेत उच्चारली. तेव्हा भांडण उकरून काढणारा प्रत्येक जण संस्थेचा शत्रू, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावे.

संपानंतर गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या डिसेंबर १९२८ पर्यंत चौपन्न हजारांवर गेली. एवढा मोठा संघ हिंदुस्थानाने पूर्वी पाहिला नव्हता. आणि २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्याचे अटकसत्र झाले. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, घाटे, झाबवाला, तसेच आळवे आणि कासले ही सारी मंडळी एका दिवसात उचलली गेली. खटला जानेवारी १९३३ पर्यंत रेंगाळला. डांग्यांना बारा वर्षांची व आळवे-कासल्यांना तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. इकडे १९२९ च्या अखेरीस नागपूरला आयटकचे अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. व्हिटले कमिशनवर बहिष्कार टाकावा की नाही, या मुख्य वादात जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. जोशी स्वतः त्या कमिशनचे सभासद होते. ज्या संस्थेचे ते १९२० पासूनचे एक आधारस्तंभ, तिच्यातून ते निघाले. तरी हा वाद तत्त्वाचा होता, आणि दोन्ही बाजूंना काय म्हणावयाचे आहे हे एका वाक्यात सांगता येत होते.

पुढच्या भांडणाविषयी तसे म्हणता येत नाही. मोठे पुढारी तुरुंगात गेल्यावर युनियनचे दोन गट पडले: एक कांडाळकरांचा, दुसरा देशपांड्यांचा. मागे विचारांचे धागे होतेच. एका बाजूस मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी, दुसऱ्या बाजूस रणदिवे आदी कम्युनिस्ट. परंतु परळ-लालबागच्या कामगाराला जे दिसत होते ते एवढेच की, गिरणी कामगार युनियन म्हणून दोन मंडळे बोलत आहेत आणि खरी कोणती हे सांगणारे कोणी नाही. वर्गणी कोणाकडे द्यावी? पावती कोणाची खरी? चौपन्न हजारांचा संघ दोन वर्षांच्या आत मूठभरांचा होऊन बसला. लोक रागावून गेले नाहीत. ते नुसते येईनासे झाले. संस्था चालविणाऱ्यांना हा फरक कळतो.

आणि हे भांडण येथेच राहिले नाही. जुलै १९३१ मध्ये कलकत्त्यास सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली आयटकचे अधिवेशन भरले, तेव्हा या दोन गटांपैकी कोणाचे प्रतिनिधी खरे, यावरून इतका गदारोळ झाला की अखिल भारतीय संस्था दुसऱ्यांदा फुटली आणि ‘लाल’ ट्रेड युनियन काँग्रेस वेगळी निघाली. परळच्या एका कचेरीतील सभासदपत्रिकेचा तंटा सबंध देशाच्या कामगार चळवळीस भोवला! पुढे १९३३ मध्ये गिरणीमागून गिरणीत मजुरी कापली गेली, तेव्हा तिला तोंड देण्यास १९२८ सारखी एक समिती उभी नव्हती.

आता आपल्या घरातले बोलतो, अध्यक्षांची क्षमा मागून. आपल्या संस्थेतही गेली दोन वर्षे सभासदांच्या दोन याद्या फिरत आहेत, हे या सभागृहातील प्रत्येकास ठाऊक आहे. एक कार्यालयात आहे, दुसरी इमारत निधीच्या मंडळींकडे. दोन्हीकडची माणसे सचोटीची आहेत. दोघांच्याही घरी मी चहा घेतला आहे. इमारत विकासकाकडे द्यावी की आपण दुरुस्त करावी, हा वाद मोठा आहे आणि तो कडाडून व्हावा. ज्यांना आवाज चढवावयाचा असेल त्यांनी चढवावा. पण मतदानास पात्र कोण, हेच दोन प्रकारे सांगितले जाऊ लागल्यापासून काही कुटुंबांनी वर्गणी थांबविली आहे, आणि या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज कोणाकडे द्यावेत हे न कळल्याने काही मुलांनी ते दिलेच नाहीत. तरुण वर्गापैकी आज येथे किती उपस्थित आहेत, ते आपण मागे वळून पाहावे. माझी विनंती अशी की, येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी एक महिना, दोन्ही याद्या शेजारी शेजारी कार्यालयाच्या फलकावर लावाव्यात. ज्याला हरकत घ्यावयाची त्याने लेखी घ्यावी. आणि दोन्ही बाजूंना मान्य अशा एका निवृत्त गृहस्थाने त्या जुळवाव्यात. इमारतीचा विषय त्यानंतर.

थोडे उरले आहे, ते सांगून संपवितो. ‘लाल’ मंडळी १९३५ मध्ये मूळ संस्थेत परतली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई सरकारच्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्या वेळी डांगे आणि डॉ. आंबेडकर परळच्या कामगार मैदानावर एका व्यासपीठावर उभे राहिले. दहा वर्षांपूर्वीचा कडवटपणा विरला होता असे मुळीच नव्हे; १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो पुन्हा वर आला आणि दोघेही पराभूत झाले. जोशांचा गट १९४० मध्ये आयटकमध्ये विलीन झाला. नागपूरला ज्यांनी त्यांना जवळजवळ बाहेर काढले होते, त्यांच्यासह काम करण्यासाठी जोशी पुन्हा सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. ३० मे १९५५ रोजी ते वारले. पूर्वीच्या डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. मिरजकर १९५८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. आळवे आणि कासले यांची नावे मात्र आज लालबागेतही थोड्यांनाच ठाऊक आहेत. पुढील स्मरणिकेत त्यांच्याविषयी कोणी अभ्यासपूर्वक लेख लिहिल्यास संपादक मंडळ त्यास जागा देईल, असे आश्वासन मी चिटणिसांकडून आत्ताच घेतले आहे.