मुले मोठी होतात तेव्हा
(न्यासाच्या महोत्सवी सभेतील भाषण)



शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे उपदेश करणार, अशी आपली समजूत असेल. आज आम्ही आमच्याच घरातील एक चूक सांगणार आहोत.

2019 साली सरदार सरोवराचे पाणी चढले आणि जुने निसरपुर बुडाले. नव्या वसाहतीत घरे उभी राहिली, परंतु पायी जाण्याजोगी अंतरे उरली नाहीत. आमची कन्या 22 वर्षांची. कुक्षीस नोकरी लागताच तिने मोटारसायकल शिकण्याची इच्छा बोलून दाखविली. आम्ही एका शब्दात नकार दिला.

दोन महिन्यांनी ती कोपर सोलवटून घरी आली. मैत्रिणीच्या गाडीवर तिचे शिक्षण चालूच होते! आम्ही रागाने विचारले, "डोक्यावर हेल्मेट का नव्हते?"

ती म्हणाली, "अब्बा, हेल्मेट घरी आणले असते तर तुम्हांला कळले असते."

बंधूंनो, आम्ही निरुत्तर झालो. आमच्या नकाराने गाडी थांबली नव्हती; फक्त हेल्मेट गेले होते.

आमची भीती खोटी नव्हती. 2022 साली आपल्या देशात रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 74,897 दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेले मृत 50,029. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज 1935 साली मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स नावाचे शल्यवैद्य होते. पुढे त्यांनी लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून 1941 साली हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले. म्हणजे भीतीस अभ्यासाची जोड मिळाली, तरच ती कोणाच्या उपयोगी पडते.

मग आम्ही सारे रीतसर केले. शिकाऊ परवाना काढला, पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावला. परवानाधारक पुतण्याने मोकळ्या मैदानात शिकविले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास अंतर चौपट लागते, हे गणित आम्ही समजाविले. ओढणी चाकात अडकू नये म्हणून ती घट्ट खोचून घेण्याची ताकीद तिच्या अम्मीने दिली. महिना लोटल्यावर परीक्षा झाली, आणि कन्या उत्तीर्ण झाली.

आजही सायंकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत आमचे लक्ष पुस्तकात लागत नाही. ते लागणारही नाही. आधी उंट बांधावा, मग अल्लावर भरवसा ठेवावा, ही आपली जुनी शिकवण. मोठ्या मुलांचा हात धरता येत नाही. परंतु त्यांना आपल्यापासून लपावे लागू नये, एवढे आपल्या हाती आहे.

विश्वस्तांस एकच विनंती. न्यास होतकरू मुलामुलींस शिष्यवृत्ती देतो. जे दुचाकीने शिकावयास जातात, त्यांस तिच्यासोबत आयएसआय शिक्क्याचे एक हेल्मेटही द्यावे. या महोत्सवाची तीच खरी आठवण होईल.