‘कधीतरी’ म्हणजे नेमकं किती?



आज मी दारू आणि वजन या दोन गोष्टींवर एकत्र बोलणार आहे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी खोट्या बोलल्या जातात. वजन आपण दोन किलोंनी कमी सांगतो आणि दारू दोन पेगांनी. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. दिल्लीत नोकरी करणारा, पन्नाशी गाठलेला, खाण्यापिण्याची आवड असलेला माणूस आहे. हा माझा स्वतःचा हिशेब आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत माझं वजन ९१ किलो भरलं, कंबर १०४ सेंटिमीटर आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढलेले. आपल्या भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० धरतात, बायकांसाठी ८०. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न काढता विचारलं, “ड्रिंक्स?” मी म्हणालो, “कधीतरी.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “कधीतरी हे माप मला लिहिता येत नाही. मिलिलिटरमध्ये सांगा.”

मला सांगता आलं नाही. घरी येताना मात्र मला माझा मोठा भाऊ आठवत राहिला. साताऱ्याला असायचा. विसाव्या वर्षीपासून कुणीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, “कधीतरी घेतो.” यकृत गेलं तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. आमच्या घरात पिणारा आणि न पिणारा अशा दोनच जाती होत्या. किती पितो, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. न पिणाऱ्यांनी रागाने विचारला नाही आणि पिणाऱ्यांनी सोयीने.

म्हणून त्या रात्री मी एक गोष्ट केली. रोजच्यासारखी, हाताच्या अंदाजाने, ग्लासात व्हिस्की ओतली. मी तिला ‘एक लहान’ म्हणायचो. मग पाणी न घालता ती खोकल्याच्या औषधाच्या १० मिलिलिटरच्या झाकणाने मोजली. सात झाकणं निघाली. लहान पेग म्हणजे ३० मिलिलिटर. माझा लहान ७० चा होता. घरी मी आठवड्यातून तीनदा असे दोन ‘लहान’ घ्यायचो. शुक्रवारी बाहेर तीन मोठे, म्हणजे १८० मिलिलिटर. सगळी बेरीज केली तर आठवड्याला ६०० मिलिलिटर. हे माझं ‘कधीतरी’.

आता याचं वजनाशी नातं काय ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात. साखरेत आणि प्रथिनात ४, तेलातुपात ९. म्हणजे दारू साखरेपेक्षा तुपाच्या जवळ बसते. एका लहान पेगाच्या ७० कॅलरी, मोठ्याच्या १४०.

ज्या कस्तुरबा गांधी मार्गावर आपण आज जमलो आहोत, त्याचं एक टोक कॅनॉट प्लेसला लागतं आणि दुसरं इंडिया गेटच्या बाजूला. पूर्वी याला कर्झन रोड म्हणत. एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला सकाळी चालायला-पळायला येणारी माणसं आणि मधे आपलं नवं महाराष्ट्र सदन. रस्ता सुमारे दोन किलोमीटरचा. चालताना माणूस दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, बसून राहण्यापेक्षा साधारण अर्धी कॅलरी जास्त खर्च करतो. माझ्यासारख्या ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाला हा रस्ता एकदा चालायला ८० ते ९० कॅलरी लागतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने एक लहान पेग म्हणजे हा रस्ता एकदा. मोठा पेग म्हणजे जाऊन येऊन. माझे ६०० मिलिलिटर म्हणजे दर आठवड्याला हा रस्ता वीस वेळा! मी एकदाही चालत नव्हतो. ऑफिसपासून मेट्रोपर्यंतसुद्धा रिक्षा करायचो.

इथे कुणीतरी म्हणतं, मी व्हिस्की घेतच नाही, फक्त बिअर. किंवा फक्त वाइन. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन दारू आहे की नाही यावर आपण किती भांडलो आठवा. यकृताला हा वाद ठाऊक नसतो. त्याला फक्त ग्रॅम कळतात. दीडशे मिलिलिटर वाइनच्या एका ग्लासात साधारण दीड लहान पेगाइतकं अल्कोहोल असतं. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत अडीच लहान पेगांइतकं आणि वर धान्याची पिष्टमय भर, म्हणजे मिळून अडीचशेच्या वर कॅलरी. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर एक बाटली म्हणजे चार लहान पेग. ‘मी आपली एकच बिअर घेतली’ या वाक्यात एवढं सगळं मावतं.

पण मंडळी, वजनाचा खरा चोर ग्लासात नसतो. आपण मराठी माणसं एकमेकांना काय विचारतो? “आज प्यायचं का?” असं नाही विचारत. “आज बसायचं का?” असं विचारतो. हा शब्द फार प्रामाणिक आहे. आपण पीत नाही, आपण बसतो. आठ वाजता बसतो आणि साडेअकराला उठतो. त्या साडेतीन तासांत ग्लासाच्या भोवती जे येतं, ते मोजून बघा.

माझा एक जुना शुक्रवार सांगतो. तीन मोठे पेग, ४२५ कॅलरी. त्यात घातलेलं कोला, १५०. मसाला शेंगदाण्यांची एक वाटी, पन्नास ग्रॅम धरली तरी २८५, आणि ती भरून मिळत राहायची. मग रात्री साडेअकराला, भूक आहे की नाही याचा विचार न करता, दाल मखनी आणि दोन बटर नान. ते ९०० च्या घरात धरा. मिळून १,७५० ओलांडले. घरी वेळेवर जेवलो असतो तर सहाशेत भागलं असतं. म्हणजे साडेअकराशे जास्तीचे. बाकीचे सहा दिवस पोळी कमी, चहात साखर नाही असं करून मी रोज साडेतीनशे वाचवले तर होतात २,१००. शुक्रवारच्या एका बैठकीने त्यातले निम्म्याहून जास्त परत घेतले. आणि मी बायकोला म्हणायचो, “एवढं कमी खातो तरी वजन उतरत नाही!” ती काही बोलायची नाही. तिला शुक्रवार ठाऊक होता.

आता शरीरात काय होतं? अल्कोहोल साठवून ठेवायला शरीरात जागा नाही. चरबीला आहे, साखरेला थोडी आहे, अल्कोहोलला अजिबात नाही. म्हणून यकृत ते आधी संपवायला घेतं. एका लहान पेगाला तास-दीड तास लागतो आणि घाई करता येत नाही. तोपर्यंत चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. १९९२ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी माणसांना बंद खोलीत ठेवून, त्यांचा श्वास मोजून हे तपासलं. आहारात अल्कोहोल आलं त्या दिवशी शरीराचं चरबी जाळणं जवळजवळ एक तृतीयांशाने घटलं. म्हणजे दारूची स्वतःची चरबी फारशी होत नाही. पण तिच्यासोबत खाल्लेल्या पकोड्याचं तेल रांगेत मागे उभं राहतं आणि शेवटी पोटावर मुक्काम करतं. वर आणखी एक, दोन पेगांनंतर ‘नको’ म्हणायची ताकद कमी होते. तळलेलं ताट ‘आता पुरे’ असं म्हणून परत पाठवणारा माणूस मी तिसऱ्या पेगानंतर अजून पाहिलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला पहिले तीन महिने पूर्ण बंद सांगितली. मी बंद केली. पहिले दोन आठवडे जड गेले, शुक्रवार तर फारच. या तीन महिन्यांत साडेचार किलो उतरले. पुढे तपासण्या सुधारल्यावर, त्यांना विचारून, मी पुन्हा थोडी सुरू केली आणि पुढचे साडेचार किलो उतरायला आठ महिने लागले. हे मी लपवत नाही. वजन लवकर कमी करायचं असेल तर न पिणं हाच सर्वांत सरळ रस्ता आहे. थोडी घेऊनही वजन उतरतं, पण हळू.

मी आता काय करतो ते सांगतो. आठवड्याला दोन संध्याकाळी, प्रत्येकी ६० मिलिलिटर. त्या दोन्ही एकाला एक लागून नाहीत. घरी स्टीलचं माप आणलं आहे. मापाने ओततो आणि बाटली कपाटात परत ठेवून मगच बसतो, कारण टेबलावरची बाटली स्वतःहून रिकामी होते. बाटली उघडली की लेबलवर तारीख लिहितो. ७५० मिलिलिटरची बाटली पूर्वी बारा-तेरा दिवसांत संपायची, आता सहा आठवडे पुरायला हवी. चौथ्या आठवड्यात संपली तर मी कुठेतरी स्वतःशी खोटं बोललो, एवढं ती तारीख सांगते.

बरोबर फक्त पाणी किंवा साधा सोडा, त्यात कॅलरी नसतात. कोला नाही, आणि टॉनिक वॉटरसुद्धा नाही, कारण ते कडवट लागलं तरी त्यात साखर असतेच. आणि सगळ्यांत मोठा बदल म्हणजे मी आधी जेवतो. भाकरी किंवा पोळी, उसळ, कोशिंबीर, पोटभर. मग ग्लास. पूर्वी जेवण शेवटी यायचं, आता दारू शेवटी येते. भरल्या पोटी ती हळू चढते, चखण्याची गरज उरत नाही आणि दुसरा पेग मागायची इच्छाही कमी होते. काही जण उलटं करतात, कॅलरी वाचवायला जेवणच टाळतात आणि रिकाम्या पोटी पितात. ते करू नका.

मित्रांबरोबर बसणं मी सोडलेलं नाही. दारू सोडली तर मित्र जातील अशी मला भीती होती. चार जणांना मी स्पष्ट सांगितलं की मी दोन लहान घेणार आणि नऊला जेवण मागवणार. पहिल्या वेळी थट्टा झाली. तिसऱ्या वेळी त्यातल्या दोघांनी माझ्याबरोबरच जेवण मागवलं. आता महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी आम्ही बसत नाही, या रस्त्याने इंडिया गेटपर्यंत चालतो. गप्पा त्याच होतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. मी हे आरोग्यासाठी चांगलं म्हणून सांगत नाही. महाराष्ट्रात दारूचा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो, ही कायद्याची भाषा आहे, शरीराची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगाच्या कारणांमध्ये तिचं नाव १९८८ पासून आहे. ब्रिटनमध्ये आठवड्याला ११२ ग्रॅम अल्कोहोलच्या आत राहा म्हणतात. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये कमी धोक्याची रेघ आठवड्याला दोन ड्रिंक, म्हणजे २७ ग्रॅमच्या आसपास ओढली. मी पूर्वी २०० ग्रॅमवर होतो, आज ४० वर आहे. धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. मला आवडते म्हणून मी तेवढी घेतो, एवढंच कारण खरं आहे. जो घेत नाही त्याने माझं ऐकून सुरू करू नये.

बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तोच पेग त्यांना जास्त लागतो. नवऱ्याच्या मापाने घेऊ नका. गरोदरपणात अजिबात नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रात्री साखर एकदम खाली येऊ शकते. यकृताला सूज असेल तर शून्य. गाडी चालवायची असेल तरी शून्य.

आणि शेवटचं, माझ्या भावाबद्दल. मी त्यालाही म्हणालो असतो, “दादा, मोजून घे.” पण आज कळतं की त्याचा उपयोग झाला नसता. माप काही माणसांना थांबवतं, काहींना नाही. तुम्ही ठरवलेलं माप महिन्यातून चारदा मोडत असेल, सकाळी हात थरथरत असेल, बाटली लपवावी लागत असेल, तर हा विषय वजनाचा उरलेला नाही. तिथे मापाची नाही, मदतीची गरज आहे. अनिता अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, ते अशाच माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. आम्ही त्याला मदत मागायला कधी नेलंच नाही, कारण आमच्या घरात तो ‘कधीतरी’ घेत होता.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर नेहमीचा पेग नेहमीसारखा ओता आणि मोजा. पिऊ नका, नुसता मोजा. मग आठवड्याची बेरीज कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवा. गेल्या महिन्यात मी तपासणीला गेलो. वजन ८२ आहे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, “ड्रिंक्स?” मी म्हणालो, “आठवड्याला एकशेवीस मिलिलिटर.” त्यांनी ते लिहून घेतलं.