वापरलेले ब्लेड केरात टाकण्यापूर्वी



दाढीचे ब्लेड ही पुरुषांची वस्तू, असे आपण म्हणतो. पण शिवण उसवायला, मुलांच्या पेन्सिलीला टोक काढायला आपणही तेच पाते घेतो. आणि बोथट झाले की केरात टाकून मोकळ्या होतो.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बोटाला एकदा चिंधी बांधलेली दिसली. विचारले, तर म्हणाल्या, "पिशवीत पातं होतं, ताई." कोणाच्या पिशवीत, ते त्या बोलल्या नाहीत, पण मी मनात ओळखले. दाढीला बोथट झालेले पाते बोटाला बोथट नसते!

अशा जखमेतून धनुर्वाताचे भय असते. पात्याला रक्त लागलेले असेल तर आणखी एक भय. कारण 'बी' काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. पात्यालाही आपण तोच न्याय लावू या.

उपाय बिनखर्चाचा आहे. पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडावी आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी तो ठेवावा. भरला की झाकण व चीर चिकटपट्टीने बंद करून वर 'धारदार पाती' असे लिहावे. मात्र लिहिलेले सर्वांनाच वाचता येते असे नाही. म्हणून डबा पिशवीत न टाकता, तोंडाने सांगून वेगळा द्यावा.

आपले घर स्वच्छ करणारा हात सुखरूप राहावा, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेते.