संकल्पनशिक्षण आणि सीमाभागातील कारागीर



‘डिझाइन’ या शब्दासाठी मराठीत ‘संकल्पन’ हा प्रतिशब्द वापरला जातो. वस्तू कोणासाठी, कशातून आणि किती खर्चात घडवायची याचा आधी केलेला विचार म्हणजे संकल्पन. नुसती नक्षी म्हणजे संकल्पन नव्हे. हा विचार शिकवणाऱ्या संस्था देशात उभ्या राहिल्या. परंतु ज्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या हाताने चालत आला, तेथील मुलांना या संस्थांची दारे कितपत उघडी आहेत, हा प्रश्न चिकोडीत विचारला गेला पाहिजे.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमागे देशी कारागिरीची उन्नती हा हेतू होता. पुढे चित्रकला आणि शिल्पकलेचा मान वाढला व कारागीर मागे पडला. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल सादर केला. उत्तम संकल्पनाचा नमुना म्हणून त्यांनी त्यात निवडला तो आपला साधा लोटा. तो कोणा एकाने रचलेला नाही. अनेक पिढ्यांच्या वापरातून त्याला आकार आला, हे त्यांनी नेमके हेरले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि १९६९ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक संकल्पनाचे केंद्र सुरू झाले.

लोट्याविषयी जे म्हटले गेले, तेच कोल्हापुरी चपलेविषयीही म्हणता येईल. नाव कोल्हापूरचे असले तरी ती निपाणी आणि अथणी भागातही घडते. अथणी तर चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यातच येते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, हाताने विणलेली वेणी आणि खिळ्याचा संपूर्ण अभाव, या प्रत्येक गोष्टीमागे ऊन, धूळ व पायपीट यांचा विचार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. २०१८ च्या डिसेंबरात चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. माणसांनी आखलेली सीमा चपलेने मानली नाही, असेच म्हणावे लागेल.

जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे याच धाटणीची पादत्राणे मांडली. तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने हे ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड येथेच घडवून घेण्याची आणि कारागिरांना प्रशिक्षण देण्याची योजना त्या वेळी जाहीर झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु या प्रकरणाचा खरा धडा निराळा आहे. ज्याच्या हाती कौशल्य आहे, त्याच्या हाती आराखडा, किंमत आणि करारपत्र नसेल, तर त्याचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होते.

शिक्षणाचे काम येथे सुरू होते. आय.आय.टी.सारख्या संस्थांतील संकल्पनाच्या पदवीसाठी होणारी ‘युसीड’ परीक्षा इंग्रजीतून असते. अथणीच्या कारागिराचा मुलगा मराठी वा कन्नड शाळेत शिकतो. त्याला चामड्याचा कस बोटांनी कळतो, पण प्रश्नपत्रिकेची भाषा परकी वाटते. शाळेतील चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट, कर्नाटकातील लोअर व हायर, त्याला रेषेपर्यंत नेतात. त्या रेषेतून उपजीविका कशी उभी राहते, हे मात्र सांगणारे कोणी भेटत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘परंपरा टिकली पाहिजे’ असे म्हणत त्या मुलाने चपलाच शिवाव्यात, हा आग्रह अन्यायाचा ठरेल. या धंद्याला कमी मिळकतीबरोबर जातीच्या अवहेलनेचाही इतिहास आहे; तो सोडून जाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिक्षणाने त्याला निवड करण्याची शक्ती द्यावी. तो चर्मकामात राहिला तर रचनाकार म्हणून राहील. छपाई, वस्त्र वा लाकूडकाम यांकडे वळला तरी घरातील संस्कार त्याच्या उपयोगी पडेल.

त्यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. संकल्पनाच्या विद्यार्थ्यांनी कारागिराकडे नमुने वेचण्यासाठी जाऊ नये, शिकण्यासाठी जावे. आणि त्या कारागिराला शिक्षकाचे मानधन मिळावे. कारागिराच्या मुलाला आराखडा काढणे, खर्चाचा हिशेब मांडणे, स्वतःच्या कामाचा संग्रह तयार करणे आणि १९९९ चा भौगोलिक निर्देशांकाचा व २००० चा डिझाइनचा कायदा समजून घेणे, हे त्याच्या भाषेत शिकवावे. तिसरी गोष्ट ग्रंथालयांची आहे. चपलेच्या प्रत्येक भागाला, हत्याराला आणि विणीला नाव आहे. ही शब्दसंपदा कारागिरांच्या तोंडी आहे. ती चित्रांसह, मराठी व कन्नड दोन्ही भाषांत नोंदवून ठेवणे सीमाभागातील ग्रंथालयाला सहज शक्य आहे. प्रवेशपरीक्षांची पुस्तके एका कपाटात आणि ही नोंदवही त्याच्या शेजारी असावी.

शंभर वर्षे लिहिलेल्या विद्येचे जतन करणाऱ्या संस्थेने दुसऱ्या शतकात हातांच्या विद्येलाही आपल्या दप्तरी स्थान द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.